नोकरीत राहून वकिलीची सनद? हा सल्ला महागात पडेल

"तिशी उलटली की एलएलबी नाही. वकिलीची बार परीक्षा पुस्तकं उघडून लिहायची, नापास कोणी होत नाही. सनदेला पंधरा-वीस हजार बाजूला ठेवा. नोकरीत असतानाच सनद काढून ठेवा, निवृत्तीनंतर कामी येते." एलएलबीच्या सीईटीचे, म्हणजे प्रवेश परीक्षेचे, अर्ज सुटले की हा मजकूर फिरायला लागतो. गंमत म्हणजे दार उघडं आहे तिथे यात कुलूप दाखवलंय आणि कुलूप आहे तिथे खुशाल आत जा म्हटलंय.

वयाचं आधी उरकू. वकिलांच्या केंद्रीय परिषदेच्या (बार कौन्सिल ऑफ इंडिया) 2008 च्या नियमांत तीन वर्षांच्या एलएलबीला 30 ची अट होती, हे खरं. पण 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि तेव्हापासून पन्नाशीतले लोकही राजरोस वर्गात बसतात. अट आहे ती 70 टक्के हजेरीची. नोकरदारांनी खरा घोर तिचा लावून घ्यावा.

सनदेच्या खर्चाची गोष्ट जरा मोठी आहे. अधिवक्ता कायद्याच्या कलम 24 नुसार वकील म्हणून नोंदणीचे, म्हणजेच सनदेचे, होतात 750 रुपये: राज्य परिषदेला 600, केंद्रीय परिषदेला 150. अनुसूचित जाती-जमातींना एकूण 125. प्रत्यक्षात कल्याण निधी, ग्रंथालय, पडताळणी अशी शेपटं जोडत परिषदा हजारोंनी वसूल करायच्या. ओडिशात तर आकडा चाळीस हजारांच्या वर गेला होता. 30 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ही जादा वसुली बेकायदा ठरवली. मुद्रांक शुल्क तेवढं वेगळं. ज्यांनी आधीच भरले त्यांना मात्र परतावा नाही, असंही त्याच निकालात आहे. माझ्या पिढीने कपाळावर हात मारून घ्यावा.

बार परीक्षेत आता फक्त कोरे कायदे, म्हणजे नुसत्या कलमांची पुस्तकं, चालतात. गाईड, टिपणं नाहीत. 100 प्रश्न, तीन-साडेतीन तास. म्हणजे प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं. कलम कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर पुस्तक उघडं असून काय उपयोग?

सगळ्यात घातक सल्ला शेवटचा. विधी अधिकाऱ्यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर पूर्णवेळ पगारी माणसाला वकिली करता येत नाही. वकिलाने नोकरी धरली तर परिषदेला कळवून सनद स्थगित करावी लागते. आणि हे फक्त नोकरीपुरतं नाही. एका शल्यचिकित्सकाने एलएलबी करून महाराष्ट्र-गोवा परिषदेकडे नोंदणी मागितली, दवाखाना चालू ठेवून. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: आधी डॉक्टरकी सोडा.

निवृत्तीनंतर वकिली करायचीच असेल, तर पदवी आज घ्या, सनद निवृत्तीनंतर काढा. पंचेचाळिशीनंतर नोंदणी नाही, हा नियम तर 1995 मध्येच रद्द झालाय.