पात्र, अपात्र आणि आम्ही

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला ताण म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज आलं, त्याच्या आधीपासून आम्ही शेतकरी आत्महत्या बघतोय. आता पानठेल्यावरचा माणूसही सांगतो, "तो काही कमजोर नोता बा, त्याले कापसाच्या भावानं मारलं, बँकेनं मारलं." माणूस खचतो त्याचं कारण त्याच्या डोक्याबाहेरही असू शकतं, हे शहाणपण आमच्या भागानं फार किंमत मोजून कमावलंय.

मग गावातलं एखादं पोरगं 'बायकी' चालतं म्हणून शाळा सोडतं, रात्र रात्र झोपत नाही, जीव द्यायची भाषा करतं, तेव्हा तोच माणूस "त्याच्या डोक्यातच बिघाड आहे" असं काहून म्हणतो?

मी समलैंगिक आहे. तालुक्याच्या गावी माझं कृषी केंद्र आहे. जवळच्यांना हे ठाऊक आहे, बाकीच्यांना आज कळलं. उधारी त्यामुळे माफ होणार नाही.

इलान मायर नावाच्या अमेरिकेतल्या संशोधकानं 2003 मध्ये एक मांडणी केली. समलैंगिक लोकांत नैराश्य, चिंता, व्यसनं जास्त का दिसतात? तर ते समलैंगिक आहेत म्हणून नाही. सगळ्यांना असतो तो ताण त्यांनाही असतोच, त्यावर समाजाच्या वागण्याचा जादा ताण चढतो म्हणून. याला 'मायनॉरिटी स्ट्रेस' म्हणतात. ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी लिहिलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असलेल्या लोकांनाही हे तितकंच लागू पडतं, किंबहुना जास्तच, कारण त्यांना लपायलाही जागा नसते. मारहाण, 'बायल्या', 'छक्का' हा त्यातला दिसणारा भाग. न दिसणारा भाग जास्त पोखरतो. आज कोणी काही बोललं नाही, पण बोलेल, ही धास्ती. रात्री जागलीला जाणाऱ्याला हे लगेच कळेल. रानडुकरं त्या रात्री येवोत न येवोत, झोप तर गेलेलीच असते. आणि शेतातली जागल पीक घरात येईपर्यंत असते, ही बारमाही.

आमच्यासारख्यांच्या ओळखीसाठी मोबाइलवर ॲप असतात. समोरचा किती अंतरावर आहे ते त्यात दिसतं. मुंबई-पुण्यात ही सोय असेल. माझ्या गावी एकदा बिनफोटोचं प्रोफाइल दिसलं, अंतर 400 मीटर. खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. मी फोन उलटा ठेवला आणि काउंटरमागून रस्त्यावरचे चेहरे बघत बसलो. बँकेतला नवा साहेब? कॉलेजचा पोट्टा? की कोणी मुद्दाम जाळं टाकून बसलंय? अशा ॲपवरून बोलावून मारायचं, व्हिडिओ काढायचा आणि पैसे उकळायचे, हे प्रकार घडतात. तक्रार करायची म्हणजे आधी ठाण्यात स्वतःबद्दल सांगायचं, म्हणून बहुतेक जण गप्प बसतात. तो माणूस कोण होता मला अजून माहीत नाही. कदाचित तोही माझ्याइतकाच घाबरला असेल.

आता एक गंमत, म्हणजे कडू गंमत. आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळत नाही. पोरींच्या बापांना नोकरीवालाच जावई पाहिजे. त्यामुळे पस्तिशीतल्या बिनलग्नाच्या पोराकडे आता कोणी संशयानं बघत नाही. "तुले पोरगी भेटून नाही राह्यली का बे?" एवढं विचारतात आणि हळहळतात. शेतीच्या दुरवस्थेनं आम्हाला आडोसा दिला, दुसरं काय! पण धाकट्या भावाचं जमलं की आडोसा गेला. मग मामा, आत्या, मधला माणूस, सगळे बायोडाटा घेऊन मागं लागतात. पोरींना तर तेवढाही आडोसा नाही. जिला दुसरी पोरगी आवडते तिला बारावीनंतर स्थळं यायला लागतात, आणि ती नाही म्हणाली तर सगळे 'कोणासोबत आहे' ते शोधतात. मैत्रिणीचं नाव कोणाच्या मनातही येत नाही.

मायरच्याच मांडणीतली एक गोष्ट मला विदर्भात राहून नीट कळली. जातीवरून अपमान झालेलं पोरगं घरी येतं तेव्हा आईबापांना तो अपमान ओळखीचा असतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो, वर्षातून एकदा दीक्षाभूमीवर लाखो आपली माणसं दिसतात. तो अपमान लहान नाही, पण तो झेलायला घर असतं. आमच्या पोराला ज्या गोष्टीवरून शाळेत मारलं, ती त्याला घरात सर्वात जास्त लपवायची असते. आणि ज्याच्या वाट्याला दोन्ही आलं, त्याच्याबद्दल तर आपल्याकडे कोणी बोलतच नाही.

शेतकऱ्यानं जीव दिला की मदतीसाठी समिती बसते. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, थकलं होतं का. मग 'पात्र' किंवा 'अपात्र'. या पद्धतीचा मला मनापासून राग आहे, पण निदान कारण तरी विचारलं जातं. आमचं कारण 'कौटुंबिक समस्या' किंवा 'लग्नाशी संबंधित' अशा रकान्यात जाऊन पडतं. देशभरच्या आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबी या सरकारी संस्थेच्या आकड्यांत ट्रान्सजेंडर व्यक्तींची वेगळी नोंद होते, बाकी आम्ही मेल्यावरही लपलेलेच.

कायदा आमच्या बाजूनं बराच सरकलाय. प्रौढांचे राजीखुशीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, हा कलम 377 बद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 6 सप्टेंबर 2018 चा. त्याआधी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला मनाई केली. समलैंगिकता हा आजार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच मान्य केलंय. तरी आमच्याकडे आधी मांत्रिक, मग बाबा, मग 'लग्न करून द्या, सुधरून जाईल' हा क्रम चालूच आहे.

आणि उपाय आपल्याकडे नाहीत असंही नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्याची ओळख आणि पहिला आधार. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. म्हणजे योग्य माणूस दारात आला तर लोक बोलतात. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी जातात, त्यांच्या प्रशिक्षणात आमच्याबद्दल एक तास घाला, एवढंच मागतोय. "तुमचा मुलगा तसा आहे का" असं मात्र त्यांना विचारायला लावू नका, संध्याकाळपर्यंत गावभर होईल. उदास पोरगं दिसलं तर टोमणा न मारता काय बोलायचं, कोणाला सांगायचं नाही आणि कुठं पाठवायचं, इतकं कळलं तरी पुष्कळ. ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

गेल्या हंगामात माझ्याबद्दल ठाऊक असलेलं एक गिऱ्हाईक दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत थांबलं. खताची पावती खिशात घालत हळूच म्हणाले, "भाऊ, पोट्ट्याले नागपूरले कोन्या डॉक्टरकडे नेऊ? तो तुमच्यासारखा हाय म्हनते." मी म्हटलं, काका, तो झोपत नाही, जेवत नाही, रडतो, त्यासाठी मनोविकारतज्ज्ञाकडे जरूर न्या, औषध लागलं तर द्या. पण डॉक्टर म्हणाला की मी याला बदलून देतो, तर फी न देता उठून या. असे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्येच कळवलंय.

काकांनी पावतीच्या मागं ते सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "अन् लग्नाचं?"

म्हटलं, पहिले त्याले झोपू द्या.