वर्गणी भरली, पण विचारायचं कुणाला?

'ताई, आता सरकारचं वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं. संशोधनाची तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स, वर्गणी सरकार भरणार. ग्रंथपालाची जागा भरायची तरी कशाला?' सोलापूरकडच्या एका कॉलेजात शिकवणारा माझा भाऊ फोनवर म्हणाला. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं हेच मत आहे म्हणे. त्यांचे ग्रंथपाल निवृत्त झाल्यापासून लायब्ररीची किल्ली शिपायाकडे असते.

योजना मोलाची आहे. 3 वर्षांचे 6,000 कोटी, 30 प्रकाशक, सहा हजारांवर सरकारी संस्था. एका शोधनिबंधासाठी पहाटेच्या गाडीने पुण्याची जयकर लायब्ररी गाठलेल्या मला ते कुणी सांगायला नको. पण हा पैसा मुख्यतः वाचण्याचा. छापायचं कुठे, हे कोण सांगणार? 2025च्या फेब्रुवारीत यूजीसीने केअर यादी, म्हणजे विश्वासार्ह जर्नल्सची यादीही बंद केली. जर्नल पारखायचं काम आता संस्थांवरच आलं. कॉलेजात ते करणार कोण, तो शिपाई?

इथे स्वीडनमधल्या उप्सालात 2018च्या जुलैपासून एल्सेव्हियर या बड्या प्रकाशकाचे नवे लेख मिळेनासे झाले. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातून चालणाऱ्या बिब्सॅम या ग्रंथालयांच्या संघाने करारच संपवला होता. वाचायलाही पैसे आणि लेख सर्वांना खुला ठेवायचा तर पुन्हा पैसे, हे त्यांना मान्य नव्हतं. अडचण झाली, पण फिकाच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या सुट्टीच्या टेबलावर ग्रंथपालांना नावं ठेवणारं मला कुणी भेटलं नाही. 2020पासून नवा करार लागू झाला, त्यात वाचन आणि प्रकाशन एकत्र. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकावर शिक्का मारणारा माणूस, ही माझी समजूत त्या दीड वर्षात गेली.

हो, समजूत माझीही तीच होती. पीएच.डी.साठी घाईने पेपर हवा होता, तेव्हा आठ हजार रुपये भरून मी एका 'इंटरनॅशनल' जर्नलमध्ये तो छापून घेतला. आठवड्यात स्वीकारला गेला. आमच्या ग्रंथपाल सरांना आधी दाखवावा, असं मनातही आलं नाही. इथल्या ग्रंथपाल बाईंनी माझी प्रकाशनांची यादी पाहताना नेमकं त्याच नावावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, 'याचं संपादक मंडळ पाहिलं होतंस?' तो पेपर मी यादीतून काढला. पदवी मात्र त्याच्याच आधारावर मिळालेली आहे, ती कशी काढू?

म्हणून भावावर चिडताना माझाच आवाज मला परका वाटतो. मी निघून आले. विचारायला माणूस मला मिळाला, त्याला नाही.

काल रात्री त्याने एका जर्नलची लिंक पाठवली. 'ताई, हे खरं आहे का गं?' सकाळी ती घेऊन मी बाईंच्या टेबलाशी गेले.