‘चार टक्क्यांसाठी एवढा खटाटोप?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

दिवाळीला ऑफिस जेव्हा ‘यादीतलं कुठल्याही दुकानाचं व्हाउचर निवडा’ म्हणतं, तेव्हा काय निवडावं यावर मी लिहिलं होतं आणि किराण्याचं सुचवलं होतं. त्यावर तुम्ही चांगलंच फैलावर घेतलंय. चार ओळींत उत्तर दिलं तर उडवून लावल्यासारखं होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचे आक्षेप असे. चार टक्के स्वस्त पडणाऱ्या किराण्याच्या व्हाउचरचं मी कौतुक करतो आणि कपड्यांच्या दुकानातल्या चाळीस-पन्नास टक्क्यांना नाकं मुरडतो, हे उफराटं आहे. लग्नसराईची आणि सणाची खरेदी चुकत नाही, ती मी हिशोबात धरत नाही. आणि तिसरा, तुमच्याच शब्दांत: ‘किराण्याचं व्हाउचर घराच्या पोटात जातं, साडीचं माझं राहतं.’ शिवाय तुमच्याकडे सराफाचं एक कुपन पडून आहे, त्याचं काय करायचं ते विचारलंय.

आधी एक गुंता सोडवू. आपण दोन वेगळ्या गोष्टींना व्हाउचर म्हणतोय. एक म्हणजे पैसे भरलेलं गिफ्ट व्हाउचर. पाच हजारांचं व्हाउचर बँकेच्या ॲपवर चार हजार आठशेला मिळतं, ते हे. दुकानात ते बहुधा पाच हजारांच्या नोटांसारखंच चालतं, मग तिथे सेल असो वा नसो. दुसरं म्हणजे सवलतीचं कुपन. त्यात तुमचे पैसे नसतात, नुसतं आमंत्रण असतं: इतक्याची खरेदी करा, मग इतके सोडतो. माझे चार टक्के पहिल्या जातीचे, तुमचे पन्नास दुसऱ्या जातीचे. हे दोन आकडे शेजारी ठेवून मोठा कुठला ते ठरत नाही.

तरीही ठेवून बघू. घरात महिन्याला नऊ हजारांचा किराणा भरला जातो असं धरा. वर्षाचे एक लाख आठ हजार, त्यावर चार टक्के म्हणजे ४,३२० रुपये. घरातले कपडे वर्षाला बारा हजारांचे, त्यावर सरसकट तीस टक्के सुटले तर ३,६००. हे ‘सरसकट’ म्हणजे दरवेळी कुपन हाताशी आहे, हव्या त्याच कपड्याला ते लागू आहे आणि मुदत संपलेली नाही. किराण्याला यातली एकही अट पाळावी लागत नाही, कारण तूरडाळ आणि तेल तुम्ही व्हाउचर असो-नसो आणणारच.

कपड्यांच्या दुकानाला चाळीस टक्के कसे परवडतात आणि किराणेवाल्याला चारच का, हेही बघा. किराण्यात नफा पातळ आणि उलाढाल मोठी. कपड्यांत उलटं: हंगाम संपला, मधले साइज खपले, उरलेला माल पुढच्या वर्षी कुणी बघणार नाही, म्हणून जून-जुलै आणि जानेवारीत सेल लागतो. त्या वेळी सगळ्यांनाच सूट असते, कुपनवाल्यांना वेगळी नाही. उलट बहुतेक कुपनांच्या पाठीमागे बारीक अक्षरात ‘सवलतीच्या मालावर लागू नाही’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे माल महाग असताना ते चालतं आणि स्वस्त झाला की चालत नाही. डीमार्टसारखं दुकान या भानगडीत फारसं पडत नाही. ते छापील किमतीच्या खालीच माल लावतं. त्यामुळे कुपनावर दहा टक्के सोडणाऱ्या दुकानाची तुलना छापील किमतीशी करू नका, डीमार्टच्या फळीवरच्या किमतीशी करा. दहाचे तीन होतात, कधी शून्यही.

आता एक पावती जवळून बघू. कुपन म्हणतं, ३,९९९ च्या खरेदीवर हजार रुपये सूट. तुम्हाला हवाय एकच कुर्ता, २,२९९ चा. आकडा गाठायला १,७५० ची पँट उचलली. बिल ४,०४९, सूट जाऊन ३,०४९. पावतीवर जवळजवळ पंचवीस टक्के सूट, काउंटरवरचा मुलगा ‘मॅडम, हजार वाचले’ म्हणतो. पण खिशातून साडेसातशे जास्त गेले. म्हणजे ती पँट तुम्हाला साडेसातशेला पडली. साडेसातशेला मांडून ठेवली असती तर घेतली असती का? हो असेल, तर खुशाल घ्या, कुपन उत्तम आहे. नाही असेल, तर ते हजार वाचले नाहीत. सगळ्या ‘किमान खरेदी’वाल्या कुपनांना मी हा एकच प्रश्न लावतो. हॉटेलच्या ॲपवरचे ‘५०% सूट, कमाल ₹१००’ त्यात लगेच उघडे पडतात. पाचशेच्या ऑर्डरवर ते वीस टक्के होतात, वर पॅकिंग आणि डिलिव्हरी आहेच.

कुपनावर खरेदी करताना आणखी एक बघत जा. छापील किमतीत सगळे कर आलेले असतात. ‘छापील किमतीवर ४० टक्के सूट’ असा फलक लावून बिलात कमी झालेल्या किमतीवर पुन्हा कर जोडला, तर ती अनुचित व्यापार प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये, व्हॅटच्या काळातल्या एका प्रकरणात, हेच सांगितलं. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

लग्नसराईबद्दल तुमचं म्हणणं मला मान्यच आहे आणि ते माझ्या मुद्द्याच्या आड येत नाही. घरात येत्या सहा महिन्यांत कार्य असेल तर साडीची खरेदी ही त्या वर्षापुरती किराण्यासारखीच ठरलेली असते. तेव्हा कापडाच्या दुकानाचं गिफ्ट व्हाउचर जरूर घ्या. अट एवढीच की दुकान आधी ठरलेलं असावं. आहेराच्या चाळीस साड्या जिथून घ्यायच्या ते दुकान भाव, पोत आणि बदलून देण्याच्या सवयीवरून ठरतं. तिथे ठोक घेताना तोंडी घासाघीस केली तर व्हाउचरपेक्षा जास्त सुटतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

एक धोका मात्र तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आला नाही, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. बँक किंवा वॉलेट कंपनी जे गिफ्ट कार्ड देते, त्याला रिझर्व्ह बँकेचे नियम लागतात: एक कार्ड दहा हजारांपेक्षा जास्तीचं नाही, मुदत किमान एक वर्ष, रोख काढता येत नाही. पण एखाद्या दुकानाने स्वतःच्याच दुकानापुरतं काढलेलं व्हाउचर या नियमांत बसत नाही. मुदत, अटी, उरलेल्या रकमेचं काय, सगळं दुकान ठरवतं. आणि दुकानच बंद पडलं तर? फेब्रुवारी २०२२ मध्ये बिग बझारची शटरं धडाधड खाली आली, त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा वेळी व्हाउचरधारक हा कंपनीचा एक छोटासा घेणेकरी असतो आणि त्याच्यापुढे बँकांची रांग असते. म्हणून मी एका दुकानात दोन-तीन महिन्यांच्या खर्चापेक्षा जास्त रक्कम कधी अडकवत नाही, टक्का कितीही गोड दिसला तरी.

आता तुमचा तिसरा मुद्दा. पैसा शेवटी एकच. व्हाउचरने किराणा आला की तेवढी रोख मोकळी होते, तिची साडी घ्या, असं उत्तर मला देता आलं असतं. कागदावर ते बरोबर आहे. पण ज्या घरात मोकळी झालेली रोख गॅस, ट्यूशनची फी आणि सोसायटीचं मेंटेनन्स यात संध्याकाळपर्यंत जिरते, तिथे ते उत्तर पोकळ आहे. साडीच्या दुकानाचं व्हाउचर फीमध्ये जिरू शकत नाही. ज्या अटीला मी तोटा म्हणतो, ‘फक्त इथेच चालेल’, तीच तुमच्यासाठी कुंपण होते. त्यामुळे व्हाउचर तुमच्या कमाईचं असेल आणि घराचा खर्च भागत असेल, तर साडीचं निवडा, बिनदिक्कत. फक्त ते स्वतःच्या मौजेचं म्हणून निवडा. बचत म्हणून नको. मौजेला टक्क्यांचा हिशोब लागत नाही, आणि मग चाळीस टक्क्यांचा दाखलाही लागत नाही.

तरी दुकान कुठलं, हे त्यातही बघावं लागेलच. माझी पसंती अशी: जिथे व्हाउचर एकाच वेळी संपवायची सक्ती नाही, जिथे सेलमध्येही ते चालतं आणि जे तुमच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर आहे. ज्या मॉलला जायला दीडशे रुपये रिक्षा पडते, तिथलं हजाराचं व्हाउचर साडेआठशेचंच उरतं, परतीची रिक्षा धरली तर आणखी कमी. पुस्तकांच्या दुकानाचं व्हाउचर यादीत असेल तर मी डोळे झाकून तेच घेतो, पण हा माझा स्वभावदोष, सल्ला नव्हे. मराठी पुस्तकांना तर प्रकाशनपूर्व सवलतच बऱ्यापैकी मिळते.

राहिलं तुमचं सराफाचं कुपन: ‘घडणावळीवर २५ टक्के सूट, मार्चअखेरपर्यंत.’ ही सूट सोन्यावर नाही, घडणावळीवर आहे. समजा दागिन्यात एक लाखाचं सोनं आहे आणि त्यांची घडणावळ १२ टक्के, म्हणजे बारा हजार. सूट तीन हजार, तुम्ही देणार नऊ. एकूण बिलाच्या मानाने ही सूट तीन टक्क्यांच्याही आत येते. शेजारच्या पेढीवर त्याच घडणीला आठ टक्के लावत असतील तर कुपनाशिवायच आठ हजारांत काम होतं. तेव्हा आधी दोन-तीन पेढ्यांवर त्याच वजनाच्या, त्याच घडणीच्या दागिन्याची घडणावळ आणि त्या दिवशीचा भाव विचारा, खडे असतील तर त्यांचं वजन सोन्यात धरलंय का तेही. एचयूआयडीचा, म्हणजे हॉलमार्कसोबत प्रत्येक दागिन्याला मिळणारा, सहा अंकी-अक्षरी क्रमांक दागिन्यावर बघून घ्या. मग तुमच्या सराफाकडे जा, आणि कुपन शेवटी काढा. आधी दाखवलंत तर घडणावळ बारावरून खाली येणार नाही.

मंगळसूत्राच्या वाट्या नव्याने करायच्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. वजन थोडं असलं की घडणावळीचा टक्का बहुधा चढा असतो, त्यामुळे तिथे हे कुपन साखळीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. जुन्या वाट्या मोडीत देणार असाल तर घट किती धरतात ते आधी लिहून घ्या. कुपनातून मिळालेलं तिकडे जाऊ शकतं.