‘कंट्री रोड्स’ वेस्ट व्हर्जिनियाचे कसे झाले : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ या गाण्यावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा : ज्यांनी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया हे राज्य पाहिलेही नव्हते त्यांनी हे गाणे लिहायला घेतले, त्यातला भूगोल बव्हंशी शेजारच्या राज्याचा आहे आणि पर्यटनाच्या सोयीसाठी त्याला राज्यगीत करण्यात आले, तेव्हा ‘लोकांनी आपलेसे केलेले गाणे’ हे माझे वर्णन भाबडे ठरते.

पहिल्या दोन मुद्द्यांवर वाद नाही. गीतकार बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट यांना हे गाणे मेरीलँडमधल्या क्लॉपर रोडवरून जाताना सुचले, आणि १९७० च्या डिसेंबरअखेर वॉशिंग्टनमध्ये गायक जॉन डेन्व्हर यांच्यासह त्यांनी ते पूर्ण केले. डॅनॉफ मूळचे मॅसॅच्युसेट्सचे. त्या राज्याचे नावही चालीत बसले असते. गाण्यात येणारे ब्लू रिज पर्वत आणि शेनँडोआ नदी यांचा मोठा भाग शेजारच्या व्हर्जिनियात आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या वाट्याला येतो तो हार्पर्स फेरी या गावाजवळचा पूर्वेकडचा कोपरा. पण एवढ्यावरून गाणे उपरे ठरवायचे, तर ते ऐकणाऱ्यांची तेव्हाची स्थिती नजरेआड करावी लागेल.

१९५० साली वेस्ट व्हर्जिनियाची लोकसंख्या २० लाखांवर होती. १९७० साली ती साडेसतरा लाखांच्याही खाली गेली, आणि तीसुद्धा देशाची लोकसंख्या झपाट्याने वाढत असताना. कोळशाच्या खाणींत यंत्रे आली, हातांचे काम गेले आणि डोंगरातली कुटुंबे ओहायो, मिशिगनच्या कारखान्यांकडे निघाली. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गाण्यातला माणूस गावात बसून गावाचे गुणगान करीत नाही. तो दूर आहे, गाडी चालवतो आहे, रेडिओ ऐकून त्याला घर आठवते आहे आणि आपण कालच तिथे पोहोचायला हवे होते, अशी रुखरुख त्याला लागली आहे. पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसाने हे ऐकताना नदीचा उगम कोणत्या राज्यात आहे, हे तपासावे, अशी अपेक्षा आपण खरोखर करता का?

अर्थात नुसती ओढ पुरत नाही. जमैकात टूट्स अँड द मेटल्स या रेगे गायकसमूहाने याच गाण्यात ‘वेस्ट जमैका’ घालून ते गायले आणि ते लोकप्रियही झाले. परंतु त्याचे राज्यगीत झाले नाही. वेस्ट व्हर्जिनियात मॉर्गनटाउनच्या विद्यापीठाने १९७२ पासून ते आपल्या मैदानावरील फुटबॉल सामन्यांत वाजवायला सुरुवात केली, ६ सप्टेंबर १९८० रोजी नव्या मैदानाच्या उद्घाटनाला स्वतः डेन्व्हर येऊन ते गायले, आणि घरच्या मैदानावर जिंकल्यानंतर खेळाडू व प्रेक्षकांनी मिळून ते म्हणण्याची प्रथा पडली. ध्रुवपद सामान्य गळ्याला पेलणारे आहे आणि राज्याचे नाव त्यातच येते, हेही इथे कामी आले. राज्याच्या विधिमंडळाने त्याला अधिकृत दर्जा दिला तो २०१४ मध्ये, म्हणजे सामन्यांतील या वापरानंतर ४२ वर्षांनी. पर्यटन खात्याने त्याच्या वापराचे हक्क घेतले ते त्याच्याही नंतर. शिवाय तोवर तीन अधिकृत राज्यगीते होतीच. केवळ सरकारी शिक्क्याने गाणी रुजत असती, तर मैदानात त्यांपैकीच एखादे घुमले असते.

आपण न घेतलेला एक आक्षेप मात्र मला अधिक वजनदार वाटतो. फेब्रुवारी १९७२ मध्ये याच राज्यातील बफेलो क्रीकच्या खोऱ्यात खाणीच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसे मेली. त्याच वर्षी मैदानात वाजू लागलेल्या या गाण्यात खाणकामगाराचा उल्लेख ओझरता आहे. खाणीतले मरण, संप, धुळीने निकामी झालेली फुप्फुसे यांतले काहीच नाही. हे मौन मलाही खटकते. परंतु खाणमालकाचा मुलगा आणि खाणकामगाराचा मुलगा यांना एकाच स्टँडमध्ये उभे राहून ते गाता येते, ते बहुधा या मौनामुळेच.