दोन संकासुरांची कंपनी

कोकणातली दशावतारी नाटक कंपनी मोठी करायची आहे ना? मग नट घडवत बसू नका. एक राजपार्ट, म्हणजे राजाचं काम करणारा नट, तयार व्हायला दहा वर्षांची जागरणं लागतात. त्यापेक्षा शेजारच्या तालुक्यातली तयार कंपनी विकत घ्या. मोठे लोक असेच वाढतात. डिस्नेने 2006 मध्ये पिक्सार 7.4 अब्ज डॉलरला उचलली, 2009 मध्ये मार्व्हल, 2012 मध्ये लुकासफिल्म, दोन्ही साधारण चार-चार अब्जांना. तुमचं भांडवल पतपेढीतलं असेल, पण रीत तीच.

आधी किंमत. पेटारे उघडा, मुकुट, शेले, तलवारी, पायपेटी, पखवाज, टेम्पो मोजा. समजा आठ लाख झाले. मालकाला वीस लाख द्या. वरचे बारा लाख वहीत ‘गुडविल’ म्हणून मांडा. हे गुडविल म्हणजे अमुक देवळाच्या जत्रेत खेळ करण्याचा मान आणि तमुक स्त्रीपार्ट बघायला येणारी माणसं. मान गावाचा असतो, आणि नट पहाटे रंग पुसून पहिल्या एसटीने घरी जातो, हे हिशेबनिसाला सांगू नका. नटाशी तीन वर्षांचा करारही नको. उगाच घरोबा बिघडतो.

दुसरा गिऱ्हाईक आला की मात्र इरेला पेटा. फॉक्स या चित्रपट-टीव्ही कंपनीसाठी डिस्नेची बोली 52.4 अब्ज डॉलर होती. कॉमकास्ट ही दुसरी कंपनी जास्त बोली घेऊन आली आणि 2019 मध्ये सौदा 71.3 अब्जांवर मिटला. त्यातून पदरात पडलेली स्टार इंडिया 2024 मध्ये रिलायन्सबरोबरच्या भागीदारीत गेली, डिस्नेकडे 36.84 टक्के उरले.

नव्या कंपनीचा मालक कोण, हे अगदी शेवटी ठरवा. झी आणि सोनीचा करार डिसेंबर 2021 चा. प्रमुख कोण हा वाद भिजत पडला आणि जानेवारी 2024 मध्ये सोनीने हात झटकले. तोवर भागधारकांची सभा उरकून घ्यावी. तुम्ही गाऱ्हाणं घाला, ते ‘व्हय महाराजा’ म्हणतील.

आता सिनर्जी, म्हणजे दोन कंपन्या एक झाल्यावरची बचत. संकासुर, म्हणजे सुरुवातीला येणारा विनोदी राक्षस, एकच लागतो, पेटीवाला एकच, पखवाजी एकच, गणपतीचा मुखवटाही एकच. दुसरा संच कमी करा, टेम्पो विका. कागदावर खर्च तिथल्या तिथे निम्मा. पीव्हीआर आणि आयनॉक्स फेब्रुवारी 2023 मध्ये एक झाले आणि मे महिन्यात पन्नास तोट्यातले पडदे बंद करण्याची घोषणा झाली. फक्त पडद्यांना मान नसतो, जत्रांना असतो. कार्तिकात एकाच रात्री दोन गावांच्या जत्रा येतात, दोन्ही आता तुमच्याच. पालखीची प्रदक्षिणा आटोपली, रात्रीचा दीड वाजला, माणसं चटया टाकून बसली.

“गणपती खंय?”

“टेम्पोत.”

“टेम्पो खंय?”

“दुसऱ्या जत्रेक.”

इतकं झालं तरी घाबरू नका. घाबरायचं ते हप्त्याला. जत्रा वैशाखापर्यंत, मग पाऊस. हप्ता आषाढातही येतो. वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी 2022 मध्ये सुमारे 55 अब्ज डॉलरचं कर्ज डोक्यावर घेऊनच जन्माला आली. त्याच वर्षी जवळजवळ पुरा झालेला एक चित्रपट न दाखवताच डब्यात घातला, आणि 2024 मध्ये टीव्ही वाहिन्यांच्या गुडविलमधून 9.1 अब्ज खोडले. तुम्हीही बारा लाख खोडा. एका ओळीचं काम आहे, पतपेढीचं कर्ज तेवढं खोडता येत नाही.

पिक्सारच्या बाबतीत डिस्नेने जरा विचित्रच केलं. तिचे कर्तेधर्ते एड कॅटमुल आणि जॉन लॅसेटर यांना घालवलं नाही, उलट स्वतःचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओही त्यांच्याच हाती दिला, पिक्सारला तिच्या नावाने, तिच्या जागी राहू दिलं. पुढे दोन्हीकडचे चित्रपट चालले. असल्या अपवादाच्या नादी लागू नका.

तुम्ही कमी केलेल्या संकासुराने एव्हाना कमी केलेला पखवाजी घेऊन स्वतःची कंपनी काढली असेल. गावाने मानही त्यालाच दिला असेल. पेटारे चारच, टेम्पो तुम्ही विकलेला तोच. बोली आठ लाखांपासून सुरू करा.