कांजिण्या घरपोच

आपल्याकडचं चार जणांत वाटावं, एकट्याने भोगू नये, अशा उदार मनाच्या माणसांसाठी हे लिहितोय. उशीर झाला त्याबद्दल माफी असावी. मागचे 10 दिवस चष्मा लावता येत नव्हता, दोन्ही कानांच्या मागे फोड होते.

तर, कांजिण्या वाटायच्या असतील तर पुरळ उठायची वाट बघत बसू नका. पहिला ठिपका दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण सुरू होते. पोराच्या अंगात कणकण आहे, जेवायला नको म्हणतोय, उगाच किरकिरतोय, एवढ्यावर त्याला खुशाल गर्दीत न्या. (खरं सांगायचं तर या दोन दिवसांबद्दल मी कुणालाच बोल लावणार नाही. तेव्हा कळणार कसं? माझं भांडण पुढच्या 5-7 दिवसांशी आहे, शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंतच्या. तेव्हा सगळं उघड दिसत असतं.)

पुरळ दिसलंच तर त्याला दुसरं नाव द्या. घामोळं, ॲलर्जी, काहीही चालतं. आमच्या मुलीच्या वाढदिवसाला जो छोटा पाहुणा आला होता, त्याच्या मानेवरच्या पुरळाचं नाव 'डास चावलेत' असं होतं. मी वाकून बघितलं. एक लाल ठिपका, शेजारी पाण्याने टम्म भरलेला एक फोड, त्याच्या खाली खपली धरलेला एक. तिन्ही अवस्था एकाच वेळी, एकाच मानेवर. कांजिण्या ओळखायची हीच तर खूण. पण मी तेव्हा अडाणी होतो. म्हटलं, बरेच चावलेत हो. "हो ना, रात्रभर झोपला नाही," त्याची आई म्हणाली, आणि तिने त्याच्या शर्टाची कॉलर हळूच वर केली.

ती कॉलर मला अजून दिसते.

खोलीच्या खिडक्या बंद ठेवा. हा विषाणू श्वासावाटे हवेत जातो, फोडांतल्या पाण्यातूनही जातो. शिंकायचे, खोकायचे कष्टसुद्धा पोराला पडत नाहीत. एका खोलीत पाव तास ते तासभर बसणं डॉक्टरांच्या हिशेबाने लागण व्हायला पुरतं. आमचा कार्यक्रम साडेतीन तास चालला. पाहुण्याने 23 फुगे तोंडाने फुगवले आणि गाठ मारायला एकेक करून माझ्या हातात दिले. गुणी पोर आहे, त्याचा काही दोष नाही.

आजोबांना नागीण उठली असेल तर त्या ओल्या फोडांना नातवाचा हात जरूर लागू द्या. विषाणू तोच आहे.

खाजवून झाल्यावर हात धुऊ नका.

1875 साली श्टायनर नावाच्या डॉक्टरने रुग्णाच्या फोडातलं पाणी निरोगी माणसांना टोचून दाखवलं की हा रोग असाच एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्याने निदान स्वयंसेवक तरी घेतले होते. तुम्हाला तेवढ्या औपचारिकतेचीही गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नंतर हात झटकणं. त्यासाठी कांजिण्यांइतका सोयीचा आजार नाही, कारण हा उधारीवर चालतो. विषाणू अंगात शिरल्यावर 10 ते 21 दिवस काही दाखवत नाही, बहुतेकदा 14 ते 16. वाढदिवस 7 तारखेला झाला. 22 तारखेला सकाळी दाढी करताना मला हनुवटीखाली पहिला फोड लागला, आणि संध्याकाळपर्यंत पाठीवर मोजायची सोय राहिली नाही. मी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "आमच्यामुळे आल्या असत्या तर दुसऱ्या दिवशीच नसत्या का आल्या? 15 दिवसांनी कशा येतील?" मी 103 तापात बोटं मोजतोय. "आणि आमच्याच्या तर तेव्हा सुकत आल्या होत्या." काय सुकत आल्या होत्या, वहिनी? डास? मग गप्प. मग हळूच, "अहो, 5 तारखेलाच डॉक्टर म्हणाले होते कांजिण्या वाटतायत म्हणून, पण त्याला इतकं यायचं होतं..." आणि लगेच वर, "मुलांना लहानपणीच होऊन गेलेल्या बऱ्या असतात."

मुलांना! माझी मुलगी 4 वर्षांची, लसीचा एक डोस झालेला. तिला वीस-एक ठिपके आले आणि तिसऱ्या दिवशी ती पलंगावर उड्या मारत होती. मी 41 वर्षांचा. लहानपणी झाल्या नाहीत, लस घेतली नाही. ज्यांना आधी झालेल्या नसतात आणि लसही नसते, अशा घरातल्या 10 जणांपैकी 9 जणांना लागण होते, त्या नवांतला मी. वैद्यकाच्या पुस्तकांत या फोडाला गुलाबाच्या पाकळीवरचा दवबिंदू म्हणतात. ज्याला हे सुचलं त्याला टाळूवर आले नसावेत. घशात आले की थुंकी गिळायची हिंमत होत नाही. मोठ्यांच्या फुप्फुसात उतरू शकतात म्हणून छातीचा एक्स-रे झाला, तो बरा निघाला.

इथवर मी हसतोय असं समजा. पुढचं हसत लिहिता येत नाही.

माझी बहीण तेव्हा सातव्या महिन्यात होती. आणि त्या दिवशी अर्धा तास ती त्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे आईला आठवेना. "दोघांपैकी एकाला झाल्या होत्या, एवढं नक्की." रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट यायला 2 दिवस. ते 2 दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. गरोदरपणात हे दुखणं आईला फार जड जाऊ शकतं, आणि बाळंतपणाच्या तोंडावर झालं तर बाळाच्या जिवावर बेततं. अशा बाईला संपर्कानंतर 10 दिवसांच्या आत तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन देता येतं. डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही 15 दिवस उलटल्यावर आलात. रिपोर्ट चांगला आला, तिला होऊन गेल्या होत्या. आईला आठवत होतं ते तिच्याबद्दल.

आणि मला? संपर्कानंतर 3 ते 5 दिवसांत लस घेतली असती तर कदाचित आजार टळला असता, नाहीतर निदान हलका गेला असता. म्हणजे 8 तारखेला, 9 तारखेला, अगदी 10 तारखेलासुद्धा तुम्ही एक फोन करायला हवा होता. लाज वाटत होती तर मेसेज टाकायचा. 20 घरांतली पोरं त्या खोलीत होती.

जपानमधले मिचिआकी ताकाहाशी. त्यांचा 3 वर्षांचा मुलगा 1964 साली कांजिण्यांनी बेजार झाला. बाप 10 वर्षं राबला आणि 1974 साली जगापुढे लस ठेवली. तुमचं पोर बेजार झालं तर तुम्ही काय केलंत? कॉलर वर केलीत. ताप आलेल्या, खाज सुटलेल्या पोराला अंथरुणात पडू द्यायचं सोडून साडेतीन तास नाचवलंत, कारण आपल्याला घरी बसायचा कंटाळा आला होता. त्याचीही दया आली नाही.

यापुढे आमच्या दारात येणाऱ्या प्रत्येक मुलाची कॉलर मी खाली करून बघणार आहे. राग आला तर परत जा.