स्पॅम मेलची भरपाई मिळत नाही : 'जागतिक करारा'च्या मेसेजबद्दल खुलासा

लातूर, नांदेड, परभणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'सगळ्या देशांचा करार झाला. नको असलेला ईमेल आला की १९०९ वर कळवा, भरपाई थेट खात्यात जमा होईल.'

हे खोटं आहे. १९०९ हा नंबर नको असलेल्या जाहिरातींचे कॉल आणि एसएमएस यांच्यासाठी आहे. ईमेल त्यात येतच नाही. भरपाईच्या नावाखाली कुणी खात्याचा तपशील किंवा ओटीपी मागितला तर कृपा करून देऊ नका. पीकविम्याच्या पैशाची वाट बघणारा माणूस अशा मेसेजवर चटकन विश्वास ठेवतो, याचीच मला जास्त काळजी वाटते.

स्पॅम रोखण्यासाठी देशादेशांचं सहकार्य मात्र खरं आहे. २००४ मध्ये स्पॅमविरुद्ध एकत्र काम करायचा 'लंडन ॲक्शन प्लॅन' ठरला. त्यात सामील यंत्रणांचा गट पुढे 'यूसीईनेट' या नावाने ओळखला जाऊ लागला. तो बंधनकारक करार नव्हे. वेगवेगळ्या देशांच्या यंत्रणा त्यातून तपासाची माहिती एकमेकांना देतात. त्याची गरजही आहे, कारण पाठवणारा एका देशात, सर्व्हर दुसऱ्या देशात आणि व्हायरसने ताब्यात घेतलेले संगणक जगभर विखुरलेले. २०११ मध्ये 'रस्टॉक' हे स्पॅम पाठवणाऱ्या अशाच संगणकांचं जाळं मोडलं, तेव्हा अमेरिकेतल्या कोर्टाच्या आदेशाबरोबर नेदरलँड्सच्या पोलिसांचीही मदत लागली.

कायदे मात्र प्रत्येक देशाचे वेगळे. कॅनडात जाहिरातीच्या मेलसाठी आधी संमती लागते. अमेरिकेत 'नको' म्हटल्यावर थांबावं लागतं. भारतात स्पॅम मेलसाठी स्वतंत्र कायदाच नाही. तो हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

या मेसेजमुळे कुणाचे पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.